नाझनीनचा निबंध आणि माझी सही

तेवीस वर्षं मी दुबईत बसून इंग्लंडचे राजे शिकवले. माझं स्वतःचं इंग्लंड म्हणजे लंडनच्या विमानतळावर काढलेले चार तास, तेही काचेच्या आतून. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत एसीनं गारठलेली तीस पोरं. कोणी केरळचं, कोणी लाहोरचं, कोणी कैरोचं, कोणी आपल्या दापोली-मंडणगडकडचं. आणि त्यांच्यापुढे मी, सोलापूरची बाई, सांगतेय की नॉर्मंडीहून आलेल्या विल्यमनं एका परक्या देशाची सगळी जमीन स्वतःच्या नावावर कशी करून घेतली.

लोकांना वाटतं, इतिहासाच्या बाई म्हणजे सनावळ्या घोकून घेणाऱ्या. ब्रिटिश अभ्यासक्रमात सनावळ्यांना फारसं कोणी विचारत नाही. तिथे एक जुना उतारा हातात देतात आणि विचारतात, हे कोणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, आणि यावर कितपत विश्वास ठेवायचा? म्हणजे मुलांना लिहिलेल्या कागदावर शंका घ्यायला शिकवणं, हा माझा धंदा. पगार त्याचाच मिळायचा. हे वाक्य मी आज हसून लिहू शकत नाही, ते का, तेच सांगायला बसले आहे.

मुलं मात्र मजेशीर होती. राजा सगळ्या जमिनीचा धनी. तो सरदारांना जमीन देणार, सरदार गुडघे टेकून, आपले हात राजाच्या हातात देऊन निष्ठेची शपथ घेणार, आणि शपथ मोडली तर जमीन गेली. हे मी फळ्यावर चित्र काढून समजावत होते, तर लाहोरचा बिलाल मागच्या बाकावरून म्हणाला, "मिस, सो द किंग इज द कफील?"

कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपला इथला व्हिसा असतो तो. वर्ग खो खो हसला. मीही हसले. "बरोबर आहे, पण परीक्षेत लिहू नकोस," म्हटलं. आणखी एकीचे वडील जागांचे एजंट होते. तिनं विल्यमच्या राज्याला एका वाक्यात निकालात काढलं: "मिस, एव्हरीथिंग इज लीजहोल्ड." सगळंच भाडेपट्ट्यावर! मी तिला पैकीच्या पैकी दिले.

शाळा अल कुसैसमध्ये, शारजाच्या हद्दीजवळ. शाळेचं नाव घेत नाही. घेतलं तर अंकाच्या संपादकांना त्रास, आणि माझ्या रागाला नावाची गरज नाही. प्रिन्सिपल मराठी होते, कारखानीस सर. माझ्याशी एरवी इंग्रजीत बोलायचे आणि 'मॅडम' म्हणायचे. काही काम काढायचं असलं की मराठीत यायचे आणि मी 'सुलभाताई' व्हायचे. वीसेक शब्दांत माणसाचा हेतू कळायची एवढी चांगली सोय मी दुसरीकडे पाहिली नाही.

नाझनीन माझ्याकडे दोन वर्षं होती. इयर टेन आणि इलेव्हन, म्हणजे आपली नववी-दहावी. घर शाळेपासून चार स्टॉपवर, मूळ गाव दापोलीजवळ खाडीकाठी. वडील गोदामात सुपरवायझर. घरात आजोबा, त्यांना ती आजा म्हणायची. बुटकी, चष्मेवाली, हिजाबची पिन सारखी नीट करणारी, आणि हात वर केला की मला पुस्तक पुन्हा उघडायला लावतील असले प्रश्न विचारणारी मुलगी.

डूम्सडे बुक शिकवत होते तेव्हाची गोष्ट. विल्यमनं इंग्लंड जिंकल्यावर वीस वर्षांनी गावोगाव आपली माणसं पाठवली. त्यांनी प्रत्येक ठिकाणी विचारायचं, ही जमीन आधीच्या राजाच्या वेळी कोणाची होती, आमच्या राजानं दिली तेव्हा कोणाला दिली, आता कोणाकडे आहे? नांगर किती, गिरण्या किती, डुकरं किती? सगळं लिहून घेतलं. त्या दप्तराला लोकांनी कयामतीच्या दिवसाचं नाव दिलं, कारण त्यात जे लिहिलं त्याच्यावर अपील नव्हतं. आणि उत्तर द्यायला शपथेवर उभं कोण राहायचं? गावचा पाद्री, कारभारी आणि सहा गावकरी.

नाझनीनचा हात वर.

"मिस, ते सहा जण उत्तर देत होते तेव्हा त्यांचा लॉर्ड कुठे होता?"

"तिथेच असेल जवळपास. त्याचीच जहागीर ना."

"मग त्यांनी खरं कसं सांगितलं असेल?"

मी बावीस वर्षं हा धडा शिकवला होता. हा प्रश्न मला पडला नव्हता. मी खरं तेच सांगितलं, "माहीत नाही. तू शोध."

तिनं शोधलं. त्यावरच तिनं कोर्सवर्क केलं. कोर्सवर्क म्हणजे वर्षभर खपून लिहायचा मोठा निबंध. तो परीक्षा मंडळाकडे जातो, त्याचे मार्क शेवटच्या निकालात धरतात, आणि सोबत विषयाच्या शिक्षिकेची सही लागते की हे काम मुलाचं स्वतःचं आहे, मी होताना पाहिलं आहे. घरी एकच लॅपटॉप, तो भावाकडे असायचा. म्हणून ती आधी सगळं वहीत लिहायची, जांभळ्या शाईनं. अशा तीन वह्या झाल्या. दर मंगळवारी शाळा सुटल्यावर ती स्टाफरूमच्या दाराशी यायची, मी हिरव्या पेननं शेरे मारायचे, तारीख टाकायचे. काही ठिकाणी आमचं भांडणच आहे त्या वहीत. मी लिहिलंय, "पुरावा कुठे?" खाली तिनं, "पुढच्या पानावर." त्याखाली मी, "हा पुरावा नाही, हा तुझा राग आहे." त्याखाली ती, "दोन्ही आहे."

राग कसला, ते एका मंगळवारी कळलं. तिच्या आजाचा बाप खोताच्या जमिनीत कूळ होता. तीस वर्षं भात त्यानं लावलं, बांध त्यानं घातले. कुळांची नावं लावायची वेळ आली तेव्हा तलाठी गावात आला आणि त्यानं विचारलं, "इथे कोण कसतो?" खोत तिथेच ओट्यावर पान खात बसला होता. आजाच्या बापानं सांगितलं, "खोतसाहेब कसतात." तलाठ्यानं तसं लिहिलं. लिहिलं ते लिहिलं. पुढे आजा आधी मुंबईच्या गोदीत गेला आणि मग इकडे दुबईच्या खाडीत धाववर, म्हणजे मालाच्या गलबतावर, चढला, तो त्या एका उत्तरापायी.

"आजा सांगतो, बाप खोटं बोलला नाय," नाझनीन म्हणाली. "बाप घाबरला."

निबंधात तिनं खोत किंवा दापोलीचं नाव घेतलं नाही. तिनं एवढंच मांडलं की शपथेवर माणूस खरं बोलतो असं राजानं धरलं, पण ज्याची भीती वाटते तो समोर बसलेला असला तर शपथ उपयोगाची नाही. म्हणून डूम्सडेत शांतता दिसते तिथे खरोखर शांतता होती असं समजू नये. मग एकेक नोंद घेऊन, जिथे आधी एका बाईच्या नावे जमीन होती आणि नंतर ती गायब, तिथे गावकरी गप्प कसे, हे तिनं उकलत नेलं. सोळा वर्षांच्या मुलीचं लिखाण! मी वाचून उठले आणि पाणी प्यायले.

फेब्रुवारीत शाळेनं नवं सॉफ्टवेअर घेतलं. निबंध टाकला की ते सांगायचं, हे माणसानं लिहिलंय की मशीननं. वर्गातल्या दोघांच्या निबंधांवर लाल पट्टी आली. एक नाझनीनचा. दुसरा एका मुलाचा, ज्याचे वडील शाळेच्या सल्लागार समितीवर होते. त्याचा निबंध मी वाचला होता. तो उचललेला होता हे कळायला सॉफ्टवेअर लागत नव्हतं. त्यात तिसऱ्या पानावर दुसऱ्याच कुठल्या तरी शाळेचं नाव राहून गेलं होतं.

चार दिवसांनी मला कळलं की त्या मुलाची 'फाईल अपलोड करताना चुकली' होती आणि त्याला नवा निबंध द्यायला तीन आठवडे मिळाले होते. नाझनीनचं प्रकरण कमिटीपुढे गेलं होतं. कमिटी म्हणजे कारखानीस सर, परीक्षा विभागाच्या एक बाई आणि एचआरचा माणूस. मुलीला बोलावलं नव्हतं.

मी तडक केबिनमध्ये गेले. हातात तीन वह्या.

"सर, तिला बोलवा. दहा मिनिटं प्रश्न विचारा. काय लिहिलंय ते तिला येतं की नाही, लगेच कळेल."

"मॅडम, शी इज सिक्स्टीन. तिला कशाला स्ट्रेस द्यायचा?"

"मग या वह्या बघा. सप्टेंबरपासूनच्या आहेत."

त्यांनी वही उघडलीही नाही. "वह्या काय, नंतरही लिहिता येतात."

"सर, त्यात माझे शेरे आहेत. माझ्या तारखा आहेत. म्हणजे मीही नंतर लिहिलं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

तेव्हा ते उठले, दार लोटलं, आणि मराठीत आले.

"सुलभाताई, बसा. चहा घेणार? हे बघा, पुढच्या महिन्यात इन्स्पेक्शन आहे. एक तरी केस आपण सिरियसली घेतली असं दिसायला हवं. मुलगी हुशार आहे, बाकीच्या पेपरांत काढेल मार्क. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या."

कागद तयारच होता. एकच वाक्य. सदर काम विद्यार्थिनीचं स्वतःचं असल्याची मी खात्री देऊ शकत नाही.

"आधी मी खात्री दिली आहे, सर. सही करून."

"म्हणून तर हे हवंय. शाळा एका बाजूला आणि टीचर दुसऱ्या बाजूला, असं बाहेर जायला नको. आपली माणसं आपण सांभाळायची." मग अगदी मायेनं, "तुमचा व्हिसा एप्रिलमध्ये ना रिन्यूअलला? मी एचआरला आत्ताच सांगून ठेवतो. शेवटच्या क्षणी धावपळ नको."

त्यांनी धमकी दिली नाही. हे मी आजही मान्य करते, आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरतं. श्रीकांतची, माझ्या नवऱ्याची, कन्स्ट्रक्शन कंपनी बंद पडून आठ महिने झाले होते. तो माझ्या व्हिसावर होता. मुलगी ईशाही माझ्याच व्हिसावर, बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर. माझी नोकरी गेली की तिघांचा मुक्काम गेला. हे सगळं त्यांना ठाऊक होतं, कारण श्रीकांतसाठी कुठे शब्द टाका म्हणून मीच त्यांना सांगितलं होतं.

मी सही केली. वह्या उचलल्या आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या दिवशी मी दोन तास शिकवले. काय शिकवलं, आठवत नाही.

घरी श्रीकांत म्हणाला, "तू काय करणार होतीस? खलास, विषय सोड." ईशा जेवता जेवता म्हणाली, "आई, बट यू न्यू इट वॉज हर्स." मी तिच्यावर ओरडले. ती ताट घेऊन आत गेली.

पुढच्या आठवड्यात अभ्यासक्रमात दुसरा हेन्री आला. या राजानं एक फार शहाणपणाची सोय केली होती. कोणी तुम्हाला तुमच्या जमिनीवरून हुसकलं, तर राजाच्या कचेरीतून हुकूम काढायचा. मग शेरीफ, म्हणजे राजाचा त्या प्रांतातला अधिकारी, शेजारपाजारच्या बारा माणसांना बोलावणार, जमीन पाहायला लावणार, आणि राजाचे फिरते न्यायाधीश आले की त्या बारा जणांना एकच प्रश्न: अमक्यानं तमक्याला अन्यायानं आणि निवाड्यावाचून हुसकलं का? हो म्हणाले, तर ताबा परत. खरा मालक कोण ही मोठी लढाई नंतर. त्या हुकमातले हे दोन शब्द मला नेहमी आवडायचे. नुसतं अन्यायानं नाही, निवाड्यावाचून. म्हणजे न विचारता.

मी हे सांगत होते आणि नाझनीन माझ्याकडे बघत होती. तिला पत्र मिळालेलं होतं, तेही भर वर्गात, सगळ्यांसमोर. वर्गाला सगळं माहीत होतं.

तिनं हात वर केला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

"मिस, म्हणजे आधी परत द्यायचं आणि मग भांडायचं?"

"हो."

"आणि हे सगळ्यांसाठी होतं?"

"नाही," मी म्हटलं. "फक्त स्वतंत्र माणसांसाठी. जे लॉर्डच्या जमिनीला बांधलेले होते, त्यांना राजाच्या कोर्टाचं दार बंद होतं. त्यांनी लॉर्डच्याच कोर्टात जायचं."

"लॉर्डची कम्प्लेंट लॉर्डकडे?"

"हो."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. कोणी हसलं नाही. बिलालसुद्धा नाही. मी फळ्याकडे वळले आणि उगाच तारीख पुसून पुन्हा लिहिली.

त्याच शनिवारी सकाळी करामातल्या आमच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ. पांढरा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी. श्वास लागलेला, कारण लिफ्ट बंद होती.

"मी नाझनीनचा आजा. तिला सांगून नाय आलो."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. श्रीकांत आतून येऊन बसला. म्हाताऱ्यानं खिशातून घडी केलेलं शाळेचं पत्र काढलं. इंग्रजी होतं. एका ओळीखाली कोणीतरी पेन्सिलीनं रेघ मारली होती. विषय शिक्षिकेनंही खात्री देण्यास असमर्थता दर्शवली आहे, अशा अर्थाची ओळ.

"पोरीनं वाचून दाखवलं. मी दोनदा वाचायला सांगितलं. म्हटलं, ही बाई तीच का, जी मंगळवारी थांबवून शिकवते?"

मी बोलायला तोंड उघडलं. इन्स्पेक्शन, कमिटी, प्रोसिजर, असलं काहीतरी सांगणार होते. त्यांनी हात वर करून थांबवलं, रागानं नाही.

"मॅडम, माझ्या बापाला तलाठ्यानं विचारलं तवा खोत ओट्यावर बसला होता. मी तवा नऊ वर्षांचा. मी बघितला त्याला. तुम्ही सही केलीत तवा कोण बसला होता?"

श्रीकांतनं मान खाली घातली. मी फक्त त्याच्याकडे, माझ्या नवऱ्याकडे, बोट दाखवलं, आणि मग ईशाच्या बंद दाराकडे. म्हाताऱ्याला ते कळलं. खरंच कळलं.

"हां," ते म्हणाले. "बापाच्या मागे पण आम्ही पाच पोरं होतो."

ते उठले. चहा घेतला नाही. जाताना एवढंच म्हणाले, "पण बाप मरेस्तोवर रोज त्या बांधावर जाऊन बसायचा, मॅडम. जमीन दुसऱ्याची, आणि हा बसायचा. आम्हाला लाज वाटायची. तुम्ही तशा बसू नका."

मी दार लावलं आणि एवढी संतापले की हातातला काचेचा पेला सिंकमध्ये आपटला. त्या म्हाताऱ्यावर नाही. कारखानीसांवर, त्या लाल पट्टीवर, सल्लागार समितीवर, एप्रिल महिन्यावर, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या सुबक, वळणदार सहीवर. मुलांना मी बावीस वर्षं सांगत आले होते की कागद कोणी लिहिला आणि कोणाच्या भीतीनं लिहिला ते बघा. आणि आता माझाच एक कागद जगात फिरत होता, ज्यावर कोणी विश्वास ठेवायला नको होता.

श्रीकांत पेल्याच्या काचा गोळा करत होता. म्हणाला, "कर तुला काय करायचंय ते. इन्शाल्ला बघू पुढचं."

"इन्शाल्लावर भाडं भरायचं का?"

"तू कर," तो पुन्हा म्हणाला. "मला तुझ्याकडे असं बघवत नाही."

सोमवारी मी कपाटातून वह्या घेतल्या आणि मधल्या सुट्टीत सगळ्या पानांचे, माझ्या शेऱ्यांसकट, फोनवर फोटो काढून ठेवले. मग परीक्षा मंडळाला थेट मेल केला. शाळेमार्फत नाही. त्यात लिहिलं की माझं दुसरं पत्र खोटं आहे, ते मी दबावाखाली दिलं, माझी पहिली सहीच खरी धरावी, आणि मुलीला एकदा तरी विचारावं. मेलची कॉपी कारखानीस सरांना ठेवली. लपवून केलं असं मला म्हणवून घ्यायचं नव्हतं.

दहा मिनिटांत बोलावणं आलं. या वेळी ना ताई, ना मराठी.

"मॅडम, धिस इज डिसलॉयल्टी. डू यू अंडरस्टँड?"

"सर, कोणाशी?" मी मराठीतच विचारलं. "शाळा म्हणजे तुम्ही का ती मुलगी?"

त्यांनी फोन उचलून एचआरला लावला.

मंडळानं काम चोख केलं, हे सांगायला हवं. नाझनीनला व्हिडिओ कॉलवर घेतलं. दोन परीक्षक, चाळीस मिनिटं. तिनं नंतर मला सांगितलं की सुरुवातीची पाच मिनिटं ती नुसती हो-नाही करत होती, मग एकानं विचारलं, "त्या सहा गावकऱ्यांचा विचार तुला कसा सुचला?" आणि तिनं त्यांना तलाठी, ओटा, खोत, सगळं सांगितलं. निबंधाचे मार्क जसेच्या तसे परत मिळाले. शाळेला पत्र आलं. त्या मुलाच्या चुकलेल्या फाईलबद्दल मात्र कोणी विचारलं नाही, आणि शाळेनं सांगितलं नाही. मी मेलमध्ये त्याचं नाव घेतलं नव्हतं. घ्यायला हवं होतं का, यावर माझं आणि श्रीकांतचं अजून एकमत नाही.

मी शाळेकडे एकच मागणी केली. वर्गासमोर नाझनीनची माफी मागा. आरोप वर्गासमोर झाला, तर माफीही तिथेच. उत्तर आलं, मार्क दिलेले आहेत, मॅटर क्लोज्ड. म्हणजे चोर म्हणताना सगळ्यांसमोर, आणि चोर नव्हती हे सांगायला बंद पाकीट. त्या उत्तराचा राग माझ्या हातापायांत आजही भरतो. राजांचं सोडा, गावच्या पंचांनाही एवढी समज असते.

माझ्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल झालं नाही. 'रीस्ट्रक्चरिंग' असं कारण लिहिलं होतं. तेवीस वर्षांच्या नोकरीला निरोपसमारंभ नाही, केक नाही. गेटवरच्या नेपाळी वॉचमननं माझं पुस्तकांचं खोकं टॅक्सीत ठेवलं आणि सलाम केला, तेवढाच. व्हिसा संपायला मोजके दिवस उरले असताना श्रीकांतला शारजात एका गोदामात काम मिळालं, आधीपेक्षा दोन पायऱ्या खालचं. मग आम्ही त्याच्या व्हिसावर आलो. टिकलो. ईशाला ॲडमिशन मिळाली. मी आता घरीच चार मुलांची शिकवणी घेते. इतिहास नाही, इंग्रजी. इतिहासाला मुलं येत नाहीत. कारखानीस सर आता तीन शाळांचे डायरेक्टर आहेत, असं ऐकते.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. परवा नवरात्रासाठी साडीचा फॉल घ्यायला मीना बाजारात गेले होते. दुकानात कोणीतरी "मिस" म्हणालं. नाझनीन. उंची तेवढीच, चष्मा बदललेला. शारजाच्या कॉलेजात बी.कॉम. करते. इतिहास का नाही घेतलास, असं मी विचारलं नाही, तीच म्हणाली, "हिस्टरी सोडली, मिस. मला परत कोणाच्या सहीवर लटकायचं नव्हतं." इंग्रजीत म्हणाली, अगदी सहज.

आजा गेल्या पावसाळ्यात गावी वारले, हे तिनं सांगितलं. माझी आठवण काढायचे म्हणाली. मॅडमनी शेवटी केलं ना, सोड आता, असं तिला सांगायचे.

दुकानदार फॉल कापत होता. मी म्हटलं, "नाझनीन, तुला मी सॉरी कधी म्हटलंच नाही. मार्क परत आले, त्या गडबडीत राहिलं. आज म्हणते."

ती मराठीत बोलली. शाळेच्या आवारात ती कधी माझ्याशी मराठी बोलली असेल तर दोन-चार वेळा.

"तुम्ही माझ्यासाठी नोकरी घालवली, ते मला ठाऊक आहे. त्याचे उपकार आहेत. पण मिस, तुमच्या त्या सहीनंतरचे बारा दिवस माझ्या बाजूला कोणीच नव्हतं. मी रोज वर्गात यायची आणि तुम्ही फळ्याकडे बघायच्या. आजानं तुम्हाला माफ केलं. मी नाय केलं."

"करू नकोस," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग माझ्या पिशवीचा बंद तुटलेला होता तो पाहून तिनं दुकानदाराकडून एक मोठी पिशवी मागून घेतली, माझं सामान त्यात नीट भरलं, आणि "येते मिस," म्हणून गर्दीतून निघून गेली.

घरी आल्यावर श्रीकांतनं विचारलं, "कोण भेटलं?"

"नाझनीन."

"काय म्हणाली?"

"खरं ते म्हणाली," मी सांगितलं, आणि फॉल लावायला बसले.